पीव्हीएत नॅनोमाती मिसळण्याआधी पाणी तपास

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तू रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालीस. प्रकल्पासाठी पीव्हीएमध्ये, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये, बेंटोनाइट ही पाण्यात फुगणारी माती मिसळून पारदर्शक फिल्म केलीस आणि ती छान जमली. घरची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. आता सिन्नरला छोटा शेड घेऊन द्राक्षांच्या पेटीत घालायला हीच फिल्म करावी का, नाहीतर ती आणखी कुठं चालेल, आणि करताना माणूस नेमका कुठं फसतो, हे तुला हवंय. वडील म्हणतात, बागेचे पैसे यात घालू नकोस. तू मला काका म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहितो. नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत माझी अठ्ठावीस वर्षं याच मालात गेली. आधी सायझिंगची, म्हणजे मागावर चढणाऱ्या धाग्यांना खळ देण्याची, रसायनं केली, मग चिकटद्रव्यं, आता फिल्म करतो.

द्राक्षांच्या पेटीसाठी ही फिल्म करू नकोस. फवारणीच्या औषधाच्या विरघळणाऱ्या पुड्या, मालेगावची सायझिंग, हलक्या जमिनीतला जलशोषक, कोरड्या मालाच्या वेष्टनातला मधला थर, ही कामं खरी आहेत. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. बनवताना कोणतं पाणी वापरणार, वापरात असताना त्या वस्तूला किती पाणी भेटणार, आणि विरघळल्यावर ते पाणी कुठं जाणार. या धंद्यात मी जेवढा माल वाया गेलेला पाहिला, तो या तीनपैकी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच गेला.

नॅनो हा शब्द नवा आहे, काम जुनं आहे. पोथ्या लिहायची काळी शाई घे. दिव्याचं काजळ आणि डिंक पाण्यात तासन्‌तास घोटायचे. काजळाचा मूळ कण काही दहा नॅनोमीटरचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). नुसत्या पाण्यात टाकला तर तो वर तरंगतो किंवा गोळा होऊन बसतो. डिंकाच्या लांब साखळ्या त्या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात आणि पाणी उडालं की कण डिंकाच्या पापुद्र्यात अडकून कागदावर राहतात. पाण्यात विरघळणारा पॉलिमर (लांब साखळ्यांचा पदार्थ), त्यात विखुरलेले नॅनोकण आणि वाळल्यावर एकजीव घन पदार्थ, हेच तर नॅनोकंपोझिट. त्या अक्षरावर पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते, हा त्याचा स्वभावही तेव्हापासूनचाच. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात. तिकिटाच्या पाठीवरचा, ओला केल्यावर चिकटणारा थर याच कुळातला.

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, जर्मनीत १९२४ साली हेरमान आणि हेनेल यांनी तयार केलेलं. ते सरळ बनत नाही, कारण व्हिनाइल अल्कोहोल हा रेणू टिकतच नाही, लगेच त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं. म्हणून आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट करायचं, सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदातलं, आणि मग त्यावरचे ॲसिटेट गट काढायचे. किती काढले यावर सगळा व्यवहार अवलंबून असतो. ८७-८९ टक्के काढले तर तो पीव्हीए थंड पाण्यात विरघळतो. ९८-९९ टक्के काढले तर साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की ८५-९० अंशांच्या वर तापवल्याशिवाय सुटत नाहीत. तुझ्या पत्रात ग्रेडचा उल्लेखच नाही. गोणीवर हा आकडा लिहिलेला असतो, तो आधी बघ.

आता माती. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा एक थर सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काही शे नॅनोमीटर रुंद असतो. पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आण. थरांच्या मधे सोडियमचे आयन बसलेले असतात. ते पाणी ओढतात, थर फुगतात आणि नीट ढवळलं तर पत्ते सुटे होतात. सगळे सुटे झाले तर एका ग्रॅम मातीचं पृष्ठफळ ७०० चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ सात गुंठे. एका चमच्यात सात गुंठ्यांहून जास्त पृष्ठभाग, ही या विद्येची सगळी जादू आहे. कारण पॉलिमरच्या साखळ्या त्या पृष्ठभागाला धरतात.

जपानमध्ये टोयोटाच्या प्रयोगशाळेनं १९८० च्या दशकात हेच नायलॉन-६ मध्ये करून दाखवलं. पाच टक्क्यांपेक्षा कमी माती घातली आणि भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंशांवरून १५० च्या वर गेलं. पण नायलॉनला पाणी चालत नाही, म्हणून मातीला आधी सेंद्रिय रसायनानं वश करावं लागलं. पीव्हीएला ती कटकट नाही. जे पाणी मातीला फुगवतं तेच पीव्हीएला विरघळवतं, आणि दोघं एकाच भांड्यात भेटतात. म्हणून तुझ्यासारख्या छोट्या उद्योगाला हा मार्ग परवडण्यासारखा आहे.

पत्ते सुटे होणं किती महत्त्वाचं आहे, त्याचा हिशेब करून दाखवतो. फिल्ममधून ऑक्सिजन जाताना त्याला प्रत्येक पत्त्याला वळसा घालावा लागतो. निल्सन यांचं १९६७ चं साधं सूत्र घे. पत्त्याची रुंदी जाडीच्या १०० पट आणि आकारमानानं २ टक्के माती, म्हणजे वजनानं सुमारे ४ टक्के. उत्तर येतं ०.४९, म्हणजे वायू निम्म्यानं अडला. आता तीच माती, तेवढीच, पण पत्ते दहा-दहांच्या गड्ड्यांत चिकटून राहिले. रुंदी-जाडीचं गुणोत्तर १० वर आलं आणि उत्तर ०.८९. पैसे तेवढेच गेले, काम मात्र जेमतेम अकरा टक्के झालं. बाजारात नॅनो म्हणून विकला जाणारा बराचसा माल हा दुसऱ्या जातीचा असतो, आणि वरून बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

म्हणून करण्याची रीत सविस्तर लिहितो. एक लिटरचा हिशेब धर. ५० ग्रॅम पीव्हीए आणि त्याच्या ३ टक्के, म्हणजे दीड ग्रॅम माती. माती आधी अर्धा लिटर पाण्यात घाल, चिमटीचिमटीनं, ढवळत ढवळत, आणि रात्रभर फुगू दे. दुसऱ्या भांड्यात उरलेलं पाणी थंडच घे, त्यात पीव्हीए भुरभुरव, दाणे सुटे भिजले की मग वॉटर बाथवर ९०-९५ अंशांपर्यंत ने आणि तासभर ठेव. गरम पाण्यात पीव्हीए टाकलंस तर दाण्यांना बाहेरून साय धरते आणि आत कोरडं पीठ राहतं, पिठल्यात गुठळी होते तशी, आणि ती गुठळी दिवसभरात फुटत नाही. झाकण ठेव. शेवटी वजन करून उडालेलं पाणी परत भर. द्रावण ६० अंशांपर्यंत निवलं की मातीचं पाणी बारीक धारेनं त्यात सोड आणि आणखी तासभर ढवळ. पीव्हीएच्या ८ ते १५ टक्के ग्लिसरीन घाल, नाहीतर फिल्म कडक होते. नायलॉनच्या जाळीतून गाळून घे आणि बुडबुडे निघून जायला रात्रभर ठेव. एक मिलिमीटर ओला थर काचेवर ओढलास तर वाळून ४०-४५ मायक्रॉनची फिल्म मिळते. हे द्रावण फार दिवस साठवायचं नाही, उन्हाळ्यात त्यावर बुरशी धरते.

क्रम उलटा करू नकोस. तयार पीव्हीएमध्ये कोरडी माती टाकलीस तर ती फुगायच्या आतच साखळ्या तिला बाहेरून लिंपून टाकतात आणि कॅट बंदच राहतो. आणि कोरडी भुकटी हाताळताना चांगला मास्क लाव. बेंटोनाइटमध्ये क्वार्ट्झची बारीक धूळ असते, ती फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

आता पाणी. माझं पहिलं मोठं नुकसान इथेच झालं. एका कारखान्यात आम्ही प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्यावर उत्तम नमुना काढला आणि मोठ्या टाकीत तोच माल बोअरच्या पाण्यावर केला. सकाळी टाकीच्या तळाशी बोटभर गाळ. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं थरांमधल्या सोडियमची जागा घेतली. दोन धनभार असलेला आयन शेजारच्या दोन्ही पत्त्यांना एकत्र बांधून ठेवतो. मग ढवळ किती ढवळायचं ते. सुटे झालेले पत्तेही पुन्हा गोळा होऊन बसतात. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानानं सौम्य असतं, पण त्यावरही विसंबू नकोस. डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी वापर, छोट्या प्रमाणावर ते परवडतं. विकत आणलेल्या मातीची परीक्षाही सोपी आहे. मोजपात्रात १०० मिलिलिटर शुद्ध पाणी घे, २ ग्रॅम माती थोडी थोडी सोड आणि २४ तास हलवू नकोस. चांगलं सोडियम बेंटोनाइट फुगून २० मिलिलिटरच्या वर जातं. कॅल्शियमचं असेल तर तळाशीच बसून राहतं. कच्छकडून येणाऱ्या मालातही गोणीगणिक फरक असतो, म्हणून प्रत्येक गोणीची परीक्षा घ्यायची.

तू विचारलंयस की बागेतली काळी माती चालेल का. प्रश्न चांगला आहे, कारण उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ज्या बुजतात, त्या काळ्या मातीत याच कुळातलं खनिज आहे. फुगणं-आकसणं त्यामुळेच होतं. पण तिच्यातले थर मुख्यतः कॅल्शियमनं बांधलेले असतात, शिवाय चुनखडी, लोह आणि वाळूही असते. ती धुऊन, गाळून, सोडियमवर आणेपर्यंत विकतच्या मातीपेक्षा महाग पडेल.

पत्ते सुटे झाले की नाही हे एक्सआरडीवर बघतात, म्हणजे एक्सरे पाडून थरांमधलं अंतर मोजतात. तांब्याच्या एक्सरेवर सोडियम मातीचं शिखर साधारण ७ अंशांवर दिसतं, म्हणजे थरांमधलं अंतर सुमारे १.२६ नॅनोमीटर. पॉलिमर आत शिरला की शिखर कमी अंशाकडे सरकतं, पत्ते पूर्ण विखुरले की नाहीसं होतं. तू तुझ्या आलेखावर शिखर नाही म्हणून विखुरणं पूर्ण झालं असं लिहिलंयस. तेवढ्यावर थांबू नकोस. माती दीड-दोन टक्केच असेल, किंवा गड्ड्या आहेत पण वेड्यावाकड्या रचलेल्या आहेत, तरी शिखर दिसत नाही. एक नमुना तरी टीईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, बघून घे. खर्च होतो, पण पुढचा सगळा डोलारा त्या एका छायाचित्रावर उभा राहणार आहे.

आता द्राक्षांकडे येतो. कोरडी असताना पीव्हीएची फिल्म ऑक्सिजन अडवण्यात नावाजलेली आहे. पण निर्यातीची द्राक्षं ०-१ अंशाला आणि ९०-९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्या हवेत पीव्हीए पाणी पिऊन फुगतो, साखळ्या सैल होतात आणि ऑक्सिजन अडवण्याचा गुण नेमका गरजेच्या वेळी जातो. माती घातल्यानं पडझड थोडी उशिरा होते, थांबत नाही. दुसरं म्हणजे, द्राक्षाला हवाबंद करायचंच नसतं. घड श्वास घेतो. पेटीतल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ते ओलाव्यानं हळूहळू वायू सोडतं आणि बुरशी रोखतं. मधे पाणी पिणारी फिल्म घातलीस तर ओलाव्याचं ते गणितच बिघडेल. आणि तू चांदीचे नॅनोकण घालून बुरशीनाशक फिल्म करायचा विचार लिहिलायस, तो मनातूनच काढून टाक. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हा बागायतदारांची काय अवस्था झाली होती ते वडिलांना विचार. फळाला टेकणाऱ्या वस्तूत नवा धातू घालायचा म्हणजे परवानग्या, चाचण्या आणि जोखीम, आणि चूक झाली तर तुझ्या एकटीचं नुकसान होणार नाही, सगळ्या पट्ट्याचं होईल.

बेदाण्याचं वेगळं. तो कोरडा असतो. पॉलिथिनच्या दोन थरांमधे पीव्हीए आणि मातीचा काही मायक्रॉनचा लेप दिला तर बाहेरचं पॉलिथिन ओलावा अडवतं आणि आतला लेप कोरडा राहून ऑक्सिजन अडवतो. मसाले, चिवडा, भाजलेले शेंगदाणे यांनाही हीच रचना लागू पडते. मात्र त्याला लेप देण्याचं आणि लॅमिनेशनचं यंत्र लागतं, ती तुझी पहिली पायरी नव्हे.

तुझ्यासाठी मला सर्वांत जवळची वाटते ती औषधाची विरघळणारी पुडी. पाण्यात मिसळणारी भुकटी मोजून फिल्मच्या पुडीत बंद करायची आणि पुडी अख्खी टाकीत टाकायची. फवारणी करणाऱ्याच्या हाताला, नाकाला भुकटी लागत नाही, माप चुकत नाही. आमच्या भागात मी माणसांना उघड्या हातानं औषध कालवताना आयुष्यभर पाहिलंय, त्यामुळे या वापराबद्दल मला मनापासून आस्था आहे. इथे मातीचं काम म्हणजे फिल्मला ताकद देणं आणि भुकटीचा वास-वाफ अडवणं. पण माती वाढवलीस की विरघळणं मंदावतं. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि द्राक्षांची फवारणी त्याच दिवसांत असते. तेव्हा पहाटेच्या टाकीतल्या गारठलेल्या पाण्यात फिल्म विरघळली पाहिजे. म्हणून ८८ टक्क्यांचा ग्रेड घे, माती १-२ टक्क्यांवर ठेव आणि विरघळण्याची वेळ २५ अंशांऐवजी ८-१० अंशांच्या पाण्यात मोज.

आणि बोरॉन. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव. एका बागेत टाकीमध्ये आधी बोरॉनचं खत होतं आणि त्यात अशा पुड्या पडल्या. अर्ध्या तासात नोझलच्या गाळण्यांत रबरासारखे गोळे. बोरेट पीव्हीएच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. शाळेत मुलं गोंद आणि टाकणखार मिसळून लिबलिबीत गोळा करतात ना, तेच रसायन, फक्त पाचशे लिटरच्या टाकीत. तो पंप साफ करायला दोन दिवस गेले आणि फवारणी चुकली ती चुकलीच. त्या शेतकऱ्याची चूक नव्हती, पुडीवर कुणी तसं लिहिलंच नव्हतं. तुझ्या पुडीवर मराठीत, डोळ्यांत भरेल असं लिही. तसंच अल्कधर्मी भुकटी या फिल्ममध्ये भरायची नाही. अल्क राहिलेले ॲसिटेट गट हळूहळू काढत जातो, ८८ चा ग्रेड आपोआप ९८ कडे सरकतो आणि सहा महिन्यांनी पुडी थंड पाण्यात विरघळेनाशी होते. बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्यापासून बागेतच ताजं करायचं असतं. त्याची तयार पुडी कर असं कुणी सुचवलं तर नाही म्हण.

नाशिकच्या हवेचंही सांगतो. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की फिल्ममधलं पाणी निघून जातं. ते पाणीच तिला लवचिक ठेवत असतं, त्यामुळे पुडी घडीवर तडकते. जुलैत हीच फिल्म हवेतलं पाणी ओढून स्वतःलाच चिकटते. एका वर्षी आम्ही उन्हाळ्यात केलेले रोल उघड्या रॅकवर ठेवले होते, पावसाळ्यात त्यांचे ओंडके झाले, उलगडताच येईनात. तेव्हापासून रोल असो की पुडी, ओलावा न शिरणाऱ्या बाहेरच्या पाकिटाशिवाय आमच्याकडून काही बाहेर पडलं नाही.

मालेगावबद्दल तू विचारलं नाहीस, पण या जिल्ह्यात पीव्हीए समजून घ्यायचा तर तिथे जायलाच हवं. मागावर चढण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ द्यावी लागते, नाहीतर घर्षणानं धागा तुटतो. सुताला स्टार्च चालतं. पॉलिस्टर मिसळलं की स्टार्च नीट धरत नाही, तिथे पीव्हीए लागतो. वजन वाढवायला खळीत चिनी माती घालण्याची पद्धत जुनी आहे, ती मात्र साधी भर. सुट्या पत्त्यांची माती घातली तर धाग्यावरचा पापुद्रा चिवट होतो आणि कमी खळीत काम भागतं. आमचे पहिले प्रयोग फसले ते पुन्हा पाण्यामुळेच. साईज बॉक्समध्ये, म्हणजे खळीच्या टाकीत, माती बसायला लागली आणि मागाखाली पांढरी भुकटी पडू लागली. पाणी सौम्य करून घेतल्यावर ती तक्रार थांबली. पुढे कापड गरम पाण्यानं धुतलं की खळ निघून जाते.

निघून कुठं जाते, हा माझ्या तीन प्रश्नांतला शेवटचा. पीव्हीए विरघळला म्हणजे दिसेनासा झाला, नष्ट झाला नाही. त्याचं पूर्ण विघटन व्हायला एका ग्रॅममागे सुमारे १.८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हा आकडा सूत्रावरून तूही काढू शकशील. त्याला खाणारे जिवाणू आहेत, पण ते सगळीकडे नसतात. सांडपाण्याच्या टाकीतल्या गाळाला या अन्नाची सवय व्हावी लागते, वेळ आणि योग्य तापमान मिळावं लागतं. तसंच नाल्यातून गोदावरीत सोडलं तर तो ऑक्सिजन नदीतूनच जाणार. म्हणून पाण्यात विरघळणारी पिशवी म्हणजे पर्यावरणाची मित्र, अशी जाहिरात तू करू नकोस. ती कंपोस्टेबल म्हणायची असेल तर त्याची वेगळी मानकं आणि चाचण्या आहेत, विरघळणं हा त्याचा पुरावा होत नाही. बेंटोनाइट मातीतून आलं, मातीत जाईल. चांदी, तांबं, जस्ताचे नॅनोकण विरघळणाऱ्या वस्तूत घातले तर ते सरळ पाण्यात सुटतात. विरघळणाऱ्या मालात मी माती आणि नॅनोसेल्युलोज (झाडाच्या तंतूंपासून काढलेले नॅनोकण) यांच्यापलीकडे जात नाही.

नॅनोसेल्युलोजबद्दल एवढंच, की छाटणीच्या काड्यांपासून ते करता येईल ही तुझी कल्पना रसायनदृष्ट्या बरोबर आहे. पण नेहमीच्या रीतीत ६४ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल ४५ अंशांवर वापरतात आणि मागे भरपूर आम्लाचं पाणी उरतं. ते शेडमध्ये करायचं काम नाही. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट ही केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, तिथे नॅनोसेल्युलोजवर काम झालंय. आधी त्यांच्याशी बोल.

जलशोषकाचं तुझ्या वडिलांना लगेच पटेल, म्हणून त्यावर दोन शब्द. तिथे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे तो विरघळत नाही, नुसता फुगतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा हायड्रोजेल स्वतःच्या वजनाच्या ३५० पटींहून जास्त शुद्ध पाणी धरतो, आणि मात्रा हेक्टरी अडीच ते पाच किलोंची. अशा जेलमध्ये बेंटोनाइट घातलं तर खर्च उतरतो आणि मातीच्या वजनाखाली जेल चिरडत नाही. पण ३५० हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. क्षार असलेल्या विहिरीच्या पाण्यात, विशेषतः कॅल्शियम असेल तर, तो फार खाली येतो. विकणारे हे सांगत नाहीत. निफाडच्या काळ्या जमिनीत त्याची गरजही कमी, ती स्वतःच पाणी धरते. सिन्नर, चांदवड, येवल्याकडच्या मुरमाड जमिनीत, रोपाच्या मुळाशी, लागवडीच्या वेळी दिला तर फरक दिसतो. वरून भुरभुरवला तर उन्हानं लवकर खराब होतो.

वैद्यकीय बाजू मोठी आहे. पीव्हीए डोळ्यांच्या थेंबांत वापरतात, आणि त्याचं द्रावण गोठवून-वितळवून केलेलं जेल जखमेवरच्या पट्टीसाठी वापरता येतं, कुठलंही बांधणारं रसायन न घालता. पण तो परवाने आणि निर्जंतुक खोल्यांचा धंदा आहे. आणि नाशिकच्या वायनरीत पांढरी वाइन नितळ करायला बेंटोनाइट वापरतात, तिथे प्रथिनांच्या साखळ्या या मातीच्या पत्त्यांना चिकटून तळाशी बसतात. पॉलिमर आणि नॅनोमाती कशी एकमेकांना धरतात ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एखाद्या ओळखीच्या वायनरीत जाऊन ती टाकी बघून ये. माझ्या उमेदवारीत कुणी मला ती दाखवली असती तर मला ही गोष्ट पुस्तकाआधी कळली असती.

पैशांचं म्हणशील तर वडिलांचं निम्मं बरोबर आहे. शेड आत्ता घेऊ नकोस. एक स्टिरर, वॉटर बाथ, अर्ध्या चौरस मीटरची सपाट काच, मायक्रोमीटर आणि आर्द्रतामापक एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. एप्रिलमध्ये फिल्म कर, तिचे नमुने पाकिटात आणि उघडे असे दोन्ही ठेव, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा मोज. ताकद, विरघळण्याची वेळ, चिकटणं. डिसेंबरच्या पहाटे तुमच्याच बागेतल्या टाकीत पुडी टाकून बघ. हे एक चक्र पूर्ण झाल्यावर जे आकडे हातात येतील ते घेऊन औषध भरणाऱ्या कारखान्याकडे जा. तिथला खरेदीवाला नॅनो शब्दानं हलणार नाही, पण ८ अंशांच्या पाण्यात किती सेकंद लागले हे विचारेल.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार असशील तर तुमच्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी पाच-पाच लिटर वेगवेगळं आण. कॅन नवा घे किंवा दुधाचा स्वच्छ धुतलेला. बागेत बोरॉन किंवा कॅल्शियमचं खत कालवलेला ड्रम कितीही विसळला तरी त्यातून आणू नकोस. पाण्यात आपण तुझी माती फुगवून बघू, म्हणजे कोणत्या पाण्यावर काय होतं ते त्याच दिवशी तुझ्या समोर येईल.